पहिली कादंबरी : कच्च्या खर्ड्यापासून पहिल्या शंभर वाचकांपर्यंत

माझी पहिली कादंबरी छापून यायच्या दोन वर्षं आधी तिला पहिली वाचक मिळाली. माझी कचेरीतली सहकारी. संहितेचा गठ्ठा तिनं आठवड्याभरानं परत आणून दिला आणि म्हणाली, "बहात्तराव्या पानावर मी थांबले. लिहिलंय चांगलं, पण पुढं या माणसांचं काय होणार याची मला काळजीच वाटेना." त्या रात्री मला झोप लागली नाही. तोवर मी फक्त प्रकाशकाचा विचार करत होते. कोणीतरी दिवसभराचं काम आटोपून दिव्याखाली बसून बहात्तरावं पान उलटणार आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आज तीन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्यावरही लेखनाबद्दल कोणी मला याहून उपयोगाचं काही सांगितलेलं नाही.

कादंबरी मनात घोळते आहे, निम्मी वहीत आहे किंवा पुरी होऊन कपाटात पडली आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. पायऱ्या ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं घेतल्या आहेत. प्रत्येक पायरीवर ते पान उलटणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे काय करायचं याचा निर्णय बराच सोपा होतो.

खर्डा पुरा करा

अर्ध्या कादंबरीचं कोणीच काही करू शकत नाही. नावाजलेल्या लेखकाला नुसत्या कल्पनेवर करार मिळू शकतो, नवोदिताकडे मात्र पूर्ण संहिता मागतात. म्हणून पहिलं काम शेवटच्या वाक्यापर्यंत पोचण्याचं.

कादंबरी किती मोठी असावी याला पक्का नियम नाही. विज्ञानकथांचे ह्यूगो आणि नेब्युला हे पुरस्कार ४०,००० शब्दांपासून पुढच्या लेखनाला कादंबरी मानतात. बाजारात दिसणाऱ्या बऱ्याच कादंबऱ्या ७०,००० ते १,००,००० शब्दांच्या असतात. रोज ५०० शब्द लिहिले तर १८० दिवसांत ९०,००० होतात. नोकरी सांभाळून हे जमतं. अँथनी ट्रोलोप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा. अशा ४७ कादंबऱ्या त्यानं लिहिल्या. त्याचा वेग गाठायची गरज नाही, ठरलेली वेळ मात्र पाळा.

लिहिताना मागं जाऊन दुरुस्त्या करू नका. शेजारी एक वही ठेवा आणि त्यात नोंदी करा: "बहिणीचं वय जुळत नाही", "पत्र कोणी उघडलं ते ठरवायचंय". वही भरत जाऊ दे, तुम्ही पुढं चालत राहा.

पुनर्लेखन : खरी कादंबरी इथं घडते

नवे लेखक सगळ्यात जास्त घाई इथं करतात आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथंच होतं. खर्डा संपला की तो किमान महिनाभर बंद ठेवा. त्या काळात दुसरं काहीतरी लिहा, भरपूर वाचा. महिन्यानं उघडाल तेव्हा ती थोडीशी दुसऱ्या कोणाची तरी कादंबरी वाटेल. तेच हवं असतं.

पहिल्या फेरीत भाषेला हात लावायचा नाही. प्रत्येक प्रकरणासाठी एका कागदावर एकच ओळ लिहा: या प्रकरणाच्या सुरुवातीला परिस्थिती काय होती आणि शेवटी काय बदललं? काहीच बदललं नसेल तर ते प्रकरण कितीही सुंदर असलं तरी कादंबरीला थांबवून धरतं. माझं बहात्तरावं पान अशाच एका प्रकरणात होतं. त्यात जुन्या घराचं अकरा पानांचं वर्णन होतं आणि मला ते फार प्रिय होतं. ते काढलं. मग लक्षात आलं की पहिली तीन प्रकरणंही मी वाचकासाठी लिहिलेली नव्हती. माझ्या पात्रांची माझ्याशीच ओळख व्हावी म्हणून ती लिहिली गेली होती. कादंबरी खरी चौथ्या प्रकरणात सुरू होत होती. १,४०,००० शब्द होते, ९५,००० उरले आणि उरलेल्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली.

दुसऱ्या फेरीत एकेक प्रसंग घ्या. प्रसंगात कोणाला काय हवं आहे आणि आड कोण येतंय? दोन माणसं चहा पीत एकमेकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत असतील, तर ती माहिती लेखकाला वाचकापर्यंत पोचवायची आहे हे लगेच उघडं पडतं. वाचकाला तेवढं कळतं, आणि त्याला ते आवडत नाही.

तिसरी फेरी भाषेची. ही मोठ्यानं वाचून करा. जीभ जिथं अडखळते तिथं वाक्य बिघडलेलं असतं. संवाद वाचताना सगळी पात्रं एकाच आवाजात बोलताहेत असं वाटलं तर पात्रांची नावं झाका आणि कोण बोलतंय ते ओळखता येतं का पाहा.

चार-पाच वाचक, आणि नेमके प्रश्न

प्रकाशकाआधी संहिता चार-पाच जणांना वाचायला द्या. ते लेखक असायला हवेत असं नाही. तुमची कादंबरी ज्या जातीची आहे त्या जातीच्या कादंबऱ्या जे आवडीनं वाचतात ते हवेत. रहस्यकथेचा कंटाळा असणाऱ्या मित्राला रहस्यकथा देऊन दोघांचंही भलं होत नाही. घरच्यांना जरूर द्या, पण त्यांच्या मतावर निर्णय घेऊ नका. त्यांना तुम्ही दुखावायला नको असता.

"कशी वाटली?" असं विचारलं की "छान" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: कुठं वाचन थांबवून दुसऱ्या कामाला लागावंसं वाटलं? काय समजलं नाही म्हणून मागची पानं उलटावी लागली? कोणतं पात्र मधेच विसरून गेलात? शेवट कोणत्या पानापासून दिसायला लागला? त्यांना पानाच्या समासात पेन्सिलीनं फक्त खुणा करायला सांगा. तिघांच्या खुणा एकाच पानावर आल्या तर तिथं दुखणं आहे, याबद्दल वाद घालू नका. त्यावर ते जे औषध सुचवतील ते मात्र तपासून घ्या. बहुतेकदा दुखण्याचं मूळ तीस-चाळीस पानं आधी सापडतं.

या माणसांचे आभार छापील पुस्तकात नावानिशी माना. तुमच्या शंभर वाचकांतले पहिले पाच तेच आहेत.

प्रकाशकाकडे जाताना

आधी तुमच्या कपाटातली पुस्तकं काढून बसा. तुमच्या कादंबरीच्या शेजारी शोभतील अशी, शक्यतो गेल्या पाच-सहा वर्षांतली, कोणत्या प्रकाशकांनी काढली आहेत ते पाहा. त्यांची यादी करा. फक्त पाकशास्त्र आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढणाऱ्याकडे कादंबरी पाठवली तर दोघांचेही महिने वाया जातात. प्रत्येक प्रकाशकाचे संहिता स्वीकारण्याचे नियम वेगळे असतात. ते वाचा आणि अक्षरशः पाळा.

साधारणपणे तीन गोष्टी मागतात: एका पानाचं पत्र, एक-दोन पानांचा कथासार आणि पहिली तीन प्रकरणं. कथासारात शेवट सांगायचा असतो. "पुढं काय होतं ते कादंबरीतच वाचा" असं लिहिलं की संपादकाला शेवट जमलाय की नाही ते कळत नाही, आणि तेच कळून घ्यायला त्यानं कथासार मागितलेला असतो.

पत्राचा जीव त्यातल्या दोन ओळींत असतो. "माझी कादंबरी मानवी नात्यांचा आणि बदलत्या काळाचा वेध घेते" ही ओळ हजार कादंबऱ्यांना लागू पडते. आता हे पाहा: "सव्वीस वर्षं दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाला पत्र येतं, की पुढच्या वर्षापासून दिवा आपोआप चालेल. ते पत्र तो बायकोपासून लपवतो." इथं माणूस आहे, त्याच्यापुढचं संकट आहे आणि त्यानं केलेली चूक आहे. वाचणाऱ्याला लगेच पुढचं पान हवंसं वाटतं. अशा दोन ओळी सापडेपर्यंत पत्र पाठवू नका. माझ्या तिसऱ्या कादंबरीच्या वेळी त्या सापडायला मला तीन आठवडे लागले. पुढं मलपृष्ठावर त्याच आल्या, आणि भेटलेले वाचकही त्याच दुसऱ्यांना सांगत होते.

इंग्रजीसारख्या मोठ्या बाजारात बरेच प्रकाशक थेट लेखकाकडून संहिता घेत नाहीत, तिथं साहित्यिक एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीनं प्रकाशकाशी बोलणी करणारा माणूस लागतो. एजंटाचं दलाली-प्रमाण मूळ बाजारासाठी साधारण १५ टक्के आणि परदेशी हक्कांसाठी २० टक्के असतं. ते तुमच्या कमाईतून जातं, आधी काही द्यायचं नसतं. वाचण्यासाठी फी मागणाऱ्या एजंटापासून दूर राहा.

उत्तराला महिने लागतात. एका वहीत कोणाला कधी पाठवलं, काय उत्तर आलं, ते तारखेसह लिहा. एकाच वेळी अनेकांना पाठवलं असेल तर पत्रात तसं स्पष्ट सांगा, आणि एकाकडून होकार आला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. नकार येतील. छापील ओळीचा नकार काहीच सांगत नाही, त्यामुळे त्यात अर्थ शोधत बसू नका. पण संपादकानं दोन ओळी स्वतः लिहिल्या असतील तर त्या जपून ठेवा. त्याच्याकडे वेळ नसतानाही त्यानं त्या लिहिल्या आहेत.

करारनामा वाचताना

होकाराच्या आनंदात सही करू नका. चार दिवस मागून घ्या, कोणी मना करत नाही.

कॉपीराइट तुमचा आहे, आणि तो लिहिलं त्या क्षणापासून आहे. १८८६ च्या बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, सामील असलेल्या देशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हे संरक्षण मिळतं, कित्येक देशांत ६० किंवा ७० वर्षं. प्रकाशकाला तुम्ही ठरावीक हक्क ठरावीक काळासाठी वापरायला देता. कॉपीराइटच त्याच्या नावे करून मागितला तर नम्रपणे नाही म्हणा.

रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर, हे पहिलं पाहा. प्रकाशक विक्रेत्यांना ५० टक्के सवलत देत असेल तर हाती येणाऱ्या रकमेवरचे १० टक्के म्हणजे छापील किमतीवरचे ५ टक्केच. आगाऊ रक्कम मिळत असेल तर ती पुढच्या रॉयल्टीतून वळती होते, वर वेगळी मिळत नाही. विक्रीचा हिशेब वर्षातून किती वेळा आणि कोणत्या महिन्यात येणार ते करारात लिहिलेलं हवं.

मग हक्कांची यादी. छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, भाषांतर, चित्रपट किंवा मालिका हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. श्राव्य पुस्तकं न काढणाऱ्या प्रकाशकाला ते हक्क कशाला द्यायचे? आणि एक कलम नसेल तर घालून घ्याच: ठरावीक काळात पुस्तक बाजारात उपलब्ध राहिलं नाही, किंवा वर्षाची विक्री ठरलेल्या आकड्याखाली गेली, तर हक्क लेखकाकडे परत येतील. हे कलम माझ्या पहिल्या करारात नव्हतं. आवृत्ती संपली, नवी निघाली नाही आणि वाचक विचारत असताना मला सहा वर्षं माझंच पुस्तक दुसरीकडून काढता आलं नाही. ज्यांनी तेव्हा विचारलं त्यातले कितीतरी पुन्हा भेटले नाहीत.

अमेरिकी लेखक जेम्स डी. मॅकडोनाल्ड यांनी सांगितलेला एक नियम पाठ करून ठेवा: पैसा लेखकाच्या दिशेनं वाहायला हवा. प्रकाशक म्हणवणारा तुमच्याकडून छपाईचे पैसे घेत असेल, ठरावीक प्रती विकत घ्यायची सक्ती करत असेल, आणि वर हक्कही मागत असेल, तर पुस्तक विकलं जाण्यात त्याला फारसा रस नाही. त्याची कमाई तुमच्याकडून झालेली आहे.

स्वतःच पुस्तक काढायचं असेल

हा मार्ग कमीपणाचा नाही. व्हर्जिनिया आणि लेनर्ड वूल्फ या इंग्रज लेखक दांपत्यानं १९१७ मध्ये घरातच छापखाना सुरू केला आणि स्वतःच्या हातानं अक्षरांचे खिळे जुळवून पुस्तकं काढली. २००७ मध्ये किंडल या ई-पुस्तक वाचायच्या यंत्रासोबत अ‍ॅमेझॉननं लेखकाला स्वतः ई-पुस्तक प्रसिद्ध करायची सोय दिली. मागणी येईल तशी एकेक प्रत छापण्याची पद्धतही आता सर्रास आहे, त्यामुळे घरात गठ्ठे रचून ठेवावे लागत नाहीत.

पैसे देऊन छापून घेणं आणि स्वतः प्रकाशक होणं यातला फरक मात्र ओळखा. स्वतः प्रकाशक झालात तर हक्क आणि निर्णय तुमचे, आणि प्रकाशकाची कामंही तुमचीच. संपादक आणि मुद्रितशोधक बाहेरचे हवेत. स्वतःच्या चुका डोळ्याला दिसत नाहीत. मुखपृष्ठासाठी चित्रकार गाठा आणि त्याला कादंबरी वाचायला द्या. छपाई करून साठा ठेवणार असाल तर पानांची संख्या सोळाच्या पटीत बसवा, कारण फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेला पानांचा संच, सोळा पानांचा असतो आणि शेवटच्या फर्म्यातली कोरी पानंही खर्चात धरली जातात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, प्रत्येक स्वरूपाला वेगळा लागतो: कागदी बांधणीला एक, कापडी बांधणीला दुसरा. २००७ पासून तो १३ अंकी आहे.

वाचक : एकेक करून

चार्ल्स डिकन्सची पहिली कादंबरी १८३६ मध्ये मासिक भागांत येऊ लागली तेव्हा भाग जेमतेम काहीशे खपत होते. चौथ्या भागात सॅम वेलर हा बोलका नोकर आला, लोकांना तो आवडला, डिकन्सनं ते ओळखून त्याला जागा दिली आणि शेवटाकडे खप ४०,००० च्या आसपास गेला. अमेरिकी लेखक अँडी वीअर यांनी ‘द मार्शियन’ ही विज्ञान कादंबरी आपल्या संकेतस्थळावर प्रकरण-प्रकरण करून फुकट दिली होती. वाचक शास्त्रीय चुका दाखवत गेले, ते दुरुस्त करत गेले. वाचकांच्याच मागणीवरून २०११ मध्ये त्यांनी ती किंडलवर टाकली आणि २०१४ मध्ये ती मोठ्या प्रकाशकाकडून छापून आली. दोघांच्याही बाबतीत वाचक आधी थोडे होते, पण ते लेखनाच्या आतपर्यंत आलेले होते.

अमेरिकी लेखक केविन केली यांनी २००८ मध्ये लिहिलेल्या एका लेखात म्हटलं होतं की कलावंताला जगायला एक हजार सच्चे चाहते पुरतात, जे त्यानं केलेलं प्रत्येक काम विकत घेतील. कादंबरीतून मिळणारा हिस्सा पाहता हजार वाचकांवर घर चालणार नाही. पण ती दृष्टी मला फार मोलाची वाटते, आणि पहिल्या कादंबरीसाठी मी आकडा शंभर धरते. पुढची कादंबरी कधी येतेय असं स्वतःहून विचारणारे शंभर जण.

ते असे जमतात. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, कथा संपल्यावर, वाचकाला चार ओळी लिहा आणि पत्ता द्या. शेवटचं वाक्य वाचून माणूस काही मिनिटं तुमच्या फार जवळ असतो. त्या मिनिटांत त्याला बोलावंसं वाटलं तर दार उघडं हवं. ईमेलचा पत्ता सगळ्यात चांगला, कारण समाजमाध्यमावर तुमचं लिहिणं कोणाला दिसेल ते दुसरंच कोणीतरी ठरवतं. ज्यांनी स्वतः परवानगी दिली त्यांनाच दोन महिन्यांतून एक पत्र पाठवा. पत्रात "विकत घ्या" एवढंच असू नये. काय वाचताय, कोणता प्रसंग अडलाय, कोणत्या पात्राचं नाव बदललं, हे लिहा. वाचकाला हे खरोखर हवं असतं. मला आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त एखाद्या दुय्यम पात्राबद्दल असतात.

प्रत्येक पत्राला उत्तर द्या, दोन ओळींचं का होईना. त्यात त्यांनी लिहिलेल्या एका तपशिलाचा उल्लेख करा, म्हणजे पत्र वाचलं गेलं हे त्यांना कळतं. वाचक मंडळांनी बोलावलं तर सहाच माणसं असली तरी जा. भाषणापेक्षा एक प्रसंग वाचून दाखवा आणि मग त्यांना बोलू द्या. ग्रंथालयांना पुस्तक दिसेल असं पाहा. एक प्रत तिथं वीस-पंचवीस जण वाचतात आणि त्यातला एखादा तुमची पुढची कादंबरी विकत घेतो.

परीक्षणाला उत्तर देऊ नका, चांगल्याला आभारापलीकडे नाही आणि वाईटाला मुळीच नाही. कादंबरी न आवडण्याचा वाचकाला हक्क आहे आणि तो उघडपणे वापरता आला तरच चांगल्या परीक्षणावर कोणी विश्वास ठेवतं. ओळखीच्यांना खोटी परीक्षणं लिहायला लावू नका. प्रकाशनाआधी वीसेक प्रती मनापासून वाचणाऱ्यांना द्या आणि एवढंच सांगा की जे वाटेल ते लिहा.

काही वाचक फार जवळ येऊ पाहतात, रोज लिहितात, घरचा पत्ता विचारतात. प्रेमानं वागा, पण घर, मुलं आणि फोन नंबर यांच्यापाशी रेघ ओढा. ती रेघ पहिल्या दिवशीच ओढली तर कोणी दुखावत नाही.

आणि पुढची कादंबरी लिहायला घ्या, पहिली छपाईला गेली त्याच आठवड्यात. करार झाल्यापासून पुस्तक हाती येईपर्यंत बहुधा वर्ष-दीड वर्ष जातं. तेवढ्यात खर्डा होतो. शंभर वाचक तुमची वाट पाहतात, पण पाच-सहा वर्षं नाही.

माझी ती सहकारी आता निवृत्त झाली आहे. अजूनही नवी संहिता आधी तिच्याकडेच जाते. गेल्या महिन्यात तिनं चौथ्या कादंबरीचा गठ्ठा परत केला. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एकच आकडा आहे, २१०. सध्या मी एकशेऐंशीपासूनची पानं पुन्हा लिहिते आहे.